मालवाहू पिकअप गाडीत इथेनॉलमिश्रित पेट्रोल : खर्चाचा व कामाचा हिशेब

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील निर्मळ, नाळे, वाघोली, आगाशी इत्यादी गावांची बागायत मुंबईच्या बाजारावर अवलंबून आहे. भाजीपाला, केळी, मोगरा, चाफा हा माल वेळेवर दादरला पोहोचला तरच त्यास योग्य भाव मिळतो. उशिरा पोहोचलेल्या फुलास गिऱ्हाईक राहत नाही. काही माल लोकलगाडीने जातो. परंतु माल अधिक असल्यास बागायतदार पिकअप अथवा ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखली जाणारी लहान गाडी वापरतात. म्हणून गाडीच्या इंधनाचा खर्च हा मालाच्या उत्पादनखर्चाचाच एक भाग समजला पाहिजे.

पंपावरील पेट्रोलमध्ये आता सुमारे २० टक्के इथेनॉल असते. ‘या पेट्रोलवर गाडी पूर्वीइतकी चालत नाही’ अशी तक्रार ऐकू येते. ती कितपत खरी आहे व तिच्यावर उपाय कोणता, याचा विचार या लेखात केला आहे.

इथेनॉलचे मिश्रण

इथेनॉल हा मद्यार्क असून तो उसाची मळी, उसाचा रस, मका व तांदूळ यांपासून तयार करतात. महाराष्ट्रात मिरज व मनमाड येथे २००१ साली इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे प्रायोगिक प्रकल्प झाले. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. देशातील सरासरी प्रमाण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोहोचले. २० टक्के मिश्रणाच्या विक्रीस फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रारंभ झाला व २०२५ मध्ये ते सर्वत्र रूढ झाले.

हा प्रश्न केवळ पेट्रोल गाड्यांचा आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे. मोठ्या पिकअप गाड्या बहुधा डिझेलवर, तर अनेक लहान गाड्या सीएनजीवर चालतात. त्यांस हे विवेचन लागू नाही. डिझेल इंजिनात इथेनॉल कधीही घालू नये.

उष्णतेचे गणित

इंजिन इंधनाच्या उष्णतेवर चालते. एक लिटर शुद्ध पेट्रोलपासून सुमारे ७,६५० किलोकॅलरी उष्णता मिळते; एक लिटर इथेनॉलपासून सुमारे ५,०५० मिळते. यावरून मिश्रणाची उष्णता पुढीलप्रमाणे येते :

१० टक्के मिश्रण : सुमारे ७,३९० किलोकॅलरी
२० टक्के मिश्रण : सुमारे ७,१३० किलोकॅलरी

म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेने २० टक्के मिश्रणात उष्णता सुमारे पावणेसात टक्के कमी असते. परंतु पंपावर त्यापूर्वी १० टक्के मिश्रण मिळत होते; त्याच्याशी तुलना केल्यास तूट सुमारे साडेतीन टक्केच भरते. ज्यांची गाडी एकाएकी पंधरा-वीस टक्के कमी चालू लागली असेल, त्यांनी इंधनाबरोबरच टायरमधील हवा, एअर फिल्टर, स्पार्क प्लग व ब्रेक यांचीही तपासणी करून घ्यावी.

खेपेचा खर्च

उदाहरणार्थ, माल भरलेली गाडी १० टक्के मिश्रणावर लिटरमागे १५ किलोमीटर चालत होती, दादरची जाऊन-येऊन खेप १२० किलोमीटरची आहे व पेट्रोलचा भाव लिटरला १०० रुपये आहे, असे समजू. त्या वेळी खेपेस ८ लिटर, म्हणजे ८०० रुपयांचे पेट्रोल लागे. २० टक्के मिश्रणावर गाडी साडेचौदा किलोमीटर चालेल व सुमारे ८२८ रुपये लागतील. खेपेमागे २८ रुपये व महिन्यास २५ खेपा धरल्यास ७०० रुपये अधिक खर्च येईल. लहान बागायतदारास ही रक्कम उपेक्षणीय नाही.

आता हाच हिशेब क्विंटलवर मांडून पाहावा. गाडीत ६ क्विंटल माल असल्यास इंधनखर्च क्विंटलला १३८ रुपये पडतो. तीच गाडी ३ क्विंटल माल घेऊन गेल्यास इंधन किंचित कमी लागते, तरी क्विंटलमागे खर्च जवळजवळ दुप्पट होतो. यावरून असे दिसते की, इंधनाच्या मिश्रणाने होणाऱ्या नुकसानीपेक्षा अर्धी रिकामी गाडी नेल्याने होणारे नुकसान कितीतरी अधिक आहे. शेजारच्या दोन-तीन बागायतदारांनी माल एकत्र पाठविल्यास व परतीच्या वाटेवर खत, बियाणे अथवा रिकामे क्रेट आणल्यास ही तूट भरून निघून वर बचत होईल.

गाडीची ओढ

इथेनॉलचा एक गुणही आहे. त्याचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा अधिक असल्याने चढावर भार ओढताना इंजिनात ठोका पडण्याचा संभव कमी होतो. या मिश्रणासाठीच जुळविलेल्या इंजिनाची ओढ कमी होत नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मात्र इंधनाचे प्रमाण आपोआप वाढत नाही. त्यामुळे मिश्रण पातळ होऊन गाडी झटके देते व भार ओढताना दमते. अशा गाडीची जुळणी जाणकार कारागिराकडून करून घ्यावी. नव्या गाड्यांचे भाग एप्रिल २०२३ पासून या इंधनास योग्य असे बनविण्यात येत आहेत. गाडी जुनी असल्यास तिच्या माहितीपुस्तिकेत कोणते मिश्रण चालते ते पाहावे.

इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या व गॅस्केट फुगतात किंवा चिरतात. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरच्या वापरानंतर रबरी भाग बदलावे लागण्याचा संभव केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये नमूद केला आहे. हा खर्च अल्प आहे. तो टाळल्यास मात्र नळी फुटून गाडी वाटेत बंद पडते आणि एका रात्रीचा सर्व माल वाया जातो; शिवाय गळक्या पेट्रोलमुळे आगीचाही धोका असतो.

पावसाळ्यातील काळजी

इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी थोडे असेल तोवर ते मिश्रणात सामावते; अधिक झाल्यास इथेनॉल व पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसते. पेट्रोलपंपाची नळी तळाकडूनच इंधन ओढत असल्याने इंजिन बंद पडते. वसईचा पाऊस लक्षात घेता ही काळजी विशेष महत्त्वाची आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार भागात पाणी भरून वाहतूक खोळंबली होती. पाण्यात उभी राहिलेली गाडी टाकी तपासल्यावाचून सुरू करू नये. टाकीचे झाकण घट्ट असावे व गाडी महिनाभर उभी ठेवावयाची असल्यास त्यातील इंधन आधी वापरून टाकावे.

प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील प्रयोग उघड्या जागेत, विडी-काडी व चूल यांपासून दूर करून दाखवावा. १०० मिलिलिटर खुणांच्या काचेच्या नळीत १० मिलिलिटर पाणी व ९० मिलिलिटर पेट्रोल घ्यावे. बूच लावून हलवावे व अधूनमधून बूच सैल करून वाफ जाऊ द्यावी. नंतर नळी स्थिर ठेवावी. इथेनॉल पाण्यात उतरल्याने खालचा थर वाढतो. २० टक्के मिश्रणात तो सुमारे २८ मिलिलिटरपर्यंत जातो. टाकीत पाणी शिरल्यास काय घडते, हेही शेतकऱ्यास याच प्रयोगावरून समजते. उरलेले पेट्रोल गाडीत अथवा गटारात ओतू नये.

अधिक इथेनॉलचे इंधन

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतील निवडक पंपांवर जवळजवळ शुद्ध इथेनॉलचे इंधन विक्रीस आले. ते केवळ दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या ‘फ्लेक्स’ इंजिनासाठी आहे. साध्या पेट्रोल गाडीत ते घालू नये. अशी गाडी घेण्याचा विचार करणाऱ्याने भावाची कसोटी लावावी. शुद्ध इथेनॉलची उष्णता पंपावरील २० टक्के मिश्रणाच्या सुमारे ७१ टक्के आहे. म्हणून मिश्रित पेट्रोल १०० रुपये असताना ते ७१ रुपयांपेक्षा स्वस्त मिळाले तरच परवडते. ब्राझील देशाने १९७५ मध्ये इथेनॉलचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. तेथील वाहनधारकही पंपावर ७० टक्क्यांचा असाच आडाखा बांधतात.

हिशेबाची वही

प्रत्येक गाडीचा अनुभव निराळा असतो. म्हणून ऐकीव गोष्टींवर न विसंबता स्वतःच्या गाडीचे मोजमाप ठेवावे. टाकी नेहमी एकाच पंपावर, पंप आपोआप थांबेपर्यंत भरावी. वहीत तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, मालाचे क्विंटल व दुरुस्ती असे रकाने आखावेत. एकदा भरून निष्कर्ष काढू नये. निदान पाच वेळा टाकी भरल्यावर एकूण किलोमीटरना एकूण लिटरनी भागावे आणि एकूण रुपयांना एकूण क्विंटलनी. पहिला आकडा गाडीची प्रकृती सांगेल व दुसरा धंद्याची. कार्यकर्त्यांनी गावातील चार-पाच गाड्यांच्या वह्या एकत्र करून बागायतदारांच्या बैठकीत वाचून दाखवाव्यात, म्हणजे कोणती गाडी, कोणते इंधन व किती भार आपल्या गावास परवडतो याचा निर्णय गावातील आकड्यांवरूनच घेता येईल.