फटफटीची सीट घट्ट हवी

आपल्या वरवट बकालहून रोज कितीतरी फटफट्या निघतात. कोणी शेगावला जातो, कोणी संग्रामपूरला, कोणी जळगाव जामोदला. कोणाच्या गाडीवर दुधाच्या कॅन असतात. कोणाच्या गाडीवर फवारणीचा पंप असतो. कोणाच्या मागे घरची बाई बसते आणि तिच्या मांडीवर लेकरू असते. पूर्वी बैलगाडी जे काम करी, त्यातले बरेच काम आता फटफटी करते.

बैलगाडी जुंपताना आपण चाकाची खीळ पाहत असू. घोड्यावर बसणारा आधी खोगिराचा पट्टा ओढून पाही. फटफटी काढताना आपण काय पाहतो? टाकीत पेट्रोल आहे का आणि चाकात हवा आहे का, एवढेच पाहतो. ज्या सीटवर आपण बसतो, ती घट्ट आहे का, हे मात्र फार थोडे लोक पाहतात. म्हणून आम्ही आज सीटचा धडा घेतला आहे.

सीट कशाने धरलेली असते?

पूर्वीच्या फटफटीवर चालवणाऱ्यापुरती एक स्प्रिंगची सीट असे. मागच्या माणसासाठी वेगळी गादी बसवीत. आता बहुतेक गाड्यांना एकच लांब सीट असते. म्हणजे दोघांचा जीव एकाच सीटवर असतो.

सीट उलटी करून पाहा. वरून मऊ गादी दिसते, पण खाली पत्र्याची किंवा प्लास्टिकची पाटी असते. पाटीच्या पुढच्या टोकाला एक जीभ असते. ही जीभ टाकीच्या मागे, गाडीच्या सांगाड्यावरच्या आकड्यात अडकते. मागच्या बाजूला बहुधा दोन बोल्ट असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. काही गाड्यांत बोल्टऐवजी चावीचे कुलूप असते. पाटी सांगाड्यावर घासू नये म्हणून मध्ये रबराचे गुटके असतात.

जीभ सीटचा पुढचा भाग उचलू देत नाही. बोल्ट सीटला मागे सरकू देत नाहीत. दोघांचे काम वेगळे आहे आणि दोन्ही लागतात.

ढिली सीट काय करते?

समजा, एक बोल्ट पडला आणि दुसरा ढिला झाला. गाडी जोरात पुढे निघाली की माणसाचे वजन मागे जाते. त्याबरोबर सीट मागे सरकते आणि पुढची जीभ आकड्यातून सुटते. आता सीट गाडीवर नुसती ठेवलेली राहते. मागे बसणाऱ्याचे वजन पडले की तिचे पुढचे टोक वर उचलते. खड्डा आला की ती बाजूला घसरते.

आपल्याकडे बायका एका बाजूला पाय सोडून बसतात. त्यामुळे वजन सीटच्या एकाच कडेवर येते. त्याच बाजूचा बोल्ट नसेल, तर पडण्याचे भय जास्त.

चालवणाऱ्यालाही धोका आहेच. बूड सरकले की माणूस तोल सावरायला हॅंडल ओढतो. हॅंडल वळते आणि गाडी आडवी जाते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर, म्हणजे सुमारे ३६ फूट पुढे जाते. एवढ्या वेळात सावरायचं कसं?

घरी कशी तपासावी?

१. गाडी सपाट जागी मधल्या स्टॅंडवर उभी करा. इंजिन बंद ठेवा.

२. सीटचे मागचे टोक दोन्ही हातांनी धरून वर उचला. मग डावी-उजवीकडे हलवा. तसेच पुढचे टोक वर उचलून पाहा. गादी दबेल, पण खालची पाटी हलता कामा नये.

३. हलली, तर बाजूची झाकणे काढा आणि दोन्ही बोल्ट आहेत का पाहा. अनेक गाड्यांना दहा किंवा बारा नंबरचा पाना लागतो.

४. सीट काढून जीभ तुटली आहे का, पाटीला चीर आहे का, रबराचे गुटके जागेवर आहेत का, हे पाहा. खालच्या वायरी सीटखाली दबू देऊ नका. वायर घासली की आतली तार उघडी पडते.

५. बसवताना आधी जीभ आकड्यात घाला आणि सीट पुढे दाबा. मग दोन्ही बोल्ट हाताने काही आटे फिरवा. नंतर पान्याने थोडा हा, थोडा तो, असे आळीपाळीने आवळा. वायसर विसरू नका. फार जोर लावू नका, आटे मरतील.

६. कुलपाची सीट असेल, तर ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत दाबा. नंतर वर ओढून खात्री करा.

खड्ड्यांच्या हादऱ्यांनी बोल्ट ढिले होतात. आपला भाग खारपाणपट्ट्यातला. खाऱ्या पाण्याने गाडी धुतली की लोखंड लवकर गंजते. म्हणून महिन्यातून एकदा सीट तपासावी. मिस्त्रीने सीट काढली असेल, तर गाडी घरी नेण्याआधी तिथेच हलवून पाहावी.

“काही होत नाही जी, तारेनं आवळली हाय,” असे पुष्कळ जण म्हणतात. तार ताणते, घासते आणि एक दिवस भर रस्त्यात तुटते. एक बोल्ट थोड्या पैशात मिळतो. मोडलेला पाय आणि बुडालेला हंगाम फार महाग पडतो. बैल गेला आणि झोपा केला, असे होऊ नये.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याचे कलम १२८ सांगते, की चालवणाऱ्याच्या मागे एकच माणूस बसवावा. तो गाडीला पक्क्या बसवलेल्या सीटवरच बसवावा. २०१९ च्या दुरुस्तीनुसार हे कलम मोडले तर हजार रुपये दंड आहे आणि तीन महिने लायसन्स जाते. मागच्या माणसाला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि चाकात कपडा जाऊ नये म्हणून जाळी हवी, असा १९८९ चा नियम आहे. दोघांनीही हेल्मेट घालावे.

मागे बसणाऱ्या आयाबहिणींनो, तुम्हीही हे शिकून घ्या. बसण्याआधी सीट हाताने हलवून पाहा. हलली तर बसू नका, “आधी सीट आवळा” असे सांगा. त्यात लाज कसली?

प्रश्न

१. सीटची जीभ कशात अडकते?

२. बोल्ट नसेल तर जीभ कशी सुटते?

३. तारेने बांधलेली सीट का चालत नाही?

४. आज घरी किंवा शेजारी एक सीट तपासा. काय दिसले ते चार ओळींत लिहा.