साठवणीची भांडी आणि त्यांची नावे

कणगी, बळद, पेव, मुडा, कोठी, अंबार, रांजण, उतरंड, पेटारा, संदूक ही सर्व नावे साठवणीच्या वस्तूंची आहेत. अलीकडे घरोघरी या सर्वांऐवजी ‘कोठी’ किंवा ‘टाकी’ हा एकच शब्द ऐकू येतो. यात केवळ शब्दांची हानी असती तर तो विषय पंडितांवर सोपवून आम्ही स्वस्थ बसलो असतो. परंतु या प्रत्येक नावाशी धान्यास वारा लागतो की नाही, ते किती दिवस टिकते व बाहेर कसे काढावे, याचे ज्ञान जोडलेले आहे. नाव विसरले की ते ज्ञानही जाते.

कणगी ही बांबूच्या कामट्यांची किंवा तुरीच्या, निरगुडीच्या काटक्यांची विणलेली असून शेणमातीने लिंपलेली असते. मोठी असेल तर तीस कणग म्हणतात. तिच्या अंगातून थोडा वारा खेळतो, म्हणून किंचित ओलसर दाणाही तीत हळूहळू सुकतो. पण त्याच वाटेने सोंडेही शिरतात. म्हणून कणगी ही वर्षाच्या बेगमीची वस्तू होय. बळद म्हणजे घरातच भिंती बांधून केलेली, वरून धान्य ओतावयाची बंदिस्त जागा. चोरापासून रक्षण हा तिचा मुख्य गुण.

पेवाची गोष्ट निराळी. अरुंद तोंडाचा व आत रुंद होत गेलेला हा जमिनीतील खड्डा होय. त्यास आतून लिंपून, कडबा वा पाचट लावून धान्य भरावयाचे व तोंडावर फरशी ठेवून ते मातीने बंद करावयाचे. आतील दाणा व कीड श्वासोच्छ्वास करून तेथील प्राणवायू संपवितात, त्यामुळे कीड आपोआप मरते. पेवातील धान्य वर्षानुवर्षे टिकते ते यामुळेच. मात्र जमीन घट्ट व बिनओलाव्याची हवी. गगनबावडा, राधानगरीकडील पावसात पेव टिकणे कठीण. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे मात्र हळदीची पेवे पिढ्यानपिढ्या प्रसिद्ध आहेत. २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळांत पाणी शिरून मोठी हानी झाली. एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुकाळ झाला म्हणजे ‘पेव फुटले’ असे आपण म्हणतो. तो वाक्प्रचार वापरणारे पुष्कळ, पेव पाहिलेले थोडे.

ज्या गुणाने पेवात कीड मरते त्याच गुणाने माणूसही मरतो, ही गोष्ट येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. आतील दूषित वायू हवेहून जड असल्याने तळाशी साचून राहतो. त्यास रंग नाही, वास नाही. म्हणून पेव उघडल्यावर ते कित्येक तास तसेच मोकळे ठेवीत व नंतर कंदील आत सोडून पाहात. कंदील विझला तर उतरावयाचे नाहीच. परंतु तो जळत राहिला एवढ्यावरही विसंबू नये, कारण ज्योत टिकते अशा हवेतही हा वायू माणसास बाधण्याइतका असू शकतो. उतरणाऱ्याच्या कमरेस दोर बांधून वर दोघे-तिघे उभे असावेत. आतला मनुष्य कोसळला तर दुसऱ्याने घाईने उडी टाकू नये. दोराने त्यास वर ओढावे. ‘पेव’ हा शब्द ज्या घरात जिवंत होता त्या घरातील पोरासही हे ठाऊक असे. जुन्या पेवास आज जो केवळ ‘खड्डा’ म्हणतो, तो त्यात खड्ड्यात उतरावे तसाच उतरेल.

आता पत्र्याच्या कोठीविषयी. हिला काही ठिकाणी सवयीने कणगी म्हणतात, आणि घोटाळा होतो तो येथे. पत्र्यातून वारा खेळत नाही. गुणाने ती कणगीपेक्षा पेवास जवळची. कणगीच्या भरवशाने थोडा ओलसर दाणा तीत भरला तर रात्रीच्या गारव्याने पत्र्यास आतून घाम येतो, कडेचे धान्य काळे पडते व त्यास बुरशी लागते. ज्वारी किंवा गहू भरताना शंभर भागांत बारा भागांहून अधिक ओल नसावी. दाणा दाताखाली कटकन फुटावा, ही जुनी परीक्षा प्रथमदर्शनी चालेल. उन्हात वाळविलेले धान्यही निवल्यावरच भरावे.

राज्याच्या साठवणीस अंबार म्हणत. हा शब्द फारसी. पन्हाळगडावरील अंबरखान्यात गंगा, यमुना व सरस्वती अशा तीन कोठ्या आजही उभ्या आहेत. पैकी गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे असे सांगतात. वरून धान्य ओतण्यास छतात भोके ठेवलेली आहेत, म्हणजे रचना बळदाचीच, प्रमाण तेवढे राजाचे. १६६० साली सिद्दी जोहराने गडास वेढा घातला तो कित्येक महिने चालला. अशा वेळी तटाइतकाच आधार धान्याच्या कोठाराचा असतो.

धान्याखेरीज इतर वस्तूंच्या पेट्यांकडे पाहिले तर परदेशी शब्दांची गर्दी दिसते. संदूक अरबी, पिंप व बालदी पोर्तुगीज, ट्रंक इंग्रजी. दप्तर फारसी असून त्याचे मूळ कातडे या अर्थाच्या ग्रीक शब्दात सांगतात. आमच्या महसुली खात्यात कागद ज्या फडक्यात बांधत त्यास रुमाल म्हणत. नवखा मनुष्य तो शब्द वाचून हातरुमालच समजतो.

जुन्या वाटणीपत्रांत तर अशा शब्दांवर हक्क अवलंबून असतो. भांडे हेच पुष्कळदा मापही होते. कोकणात व गोव्यात भात पेंढ्यात बांधून ठेवतात त्यास मुडा म्हणतात, आणि भाताचे मापही मुड्यांत सांगत. तेव्हा कागदात ‘मुडे’ आले तर ती गाठोडी की माप, हे मागचा-पुढचा मजकूर पाहून ठरवावे. खंडी साधारणपणे वीस मणांची. पण मण गावोगावी सारखा नव्हता. दशमान मापे १९५८ पासून लागू होऊ लागली, त्यापूर्वीच्या कागदातील आकड्यांचे किलो करताना त्या गावचे माप आधी शोधावे. घरातील वृद्धांस कणगीत किती पायल्या मावत हे बहुधा आठवत असते. ते विचारून कागदाच्या पाठीवर नव्हे, वेगळ्या वहीत लिहून ठेवावे. मूळ कागदावर शाई लावू नये.