मुलांचे लिखाण छापून यावे

पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. वय अवघे चौदाच्या आसपास! तिने आपल्या लोकांचे भोगणे लिहिले, आणि ते छापले गेले म्हणूनच आपल्या हाती आले. आमच्या मुलांच्या वह्यांत मात्र गाईडमधून उतरविलेले निबंध असतात; गुणही त्यांनाच जास्त! आम्हांस वाटते, विहारात दरमहा एक हस्तलिखित काढावे. कोरे कागद व एखादा जाणता तरुण एवढे पुरे. शुद्धलेखन जरूर तपासावे, पण पोराचे वाक्य बदलू नये. खाली त्याचे पूर्ण नाव घालावे. आईला वाचता येत नसेल, तर त्यानेच तिला ते वाचून दाखवावे.