कोडं तू घाल

नर्सिंग झालं, जर्मनीला जायचं ठरलं आणि शब्द डोक्यात राहत नाहीत म्हणून मोबाइलवर जर्मन शब्दकोडी सोडवत बसतेस, असं वहिनी सांगत होती. बस की. पण आत्याचं चार शब्द ऐकून घे. माझी नोकरी पुण्यात अकरावी-बारावीच्या मुलांना जर्मन शिकवण्यात गेली. कोड्यांनी तरलेली मुलं मी पाहिलीत आणि कोड्यांत नुसता वेळ घालवलेलीही. 2024 साली महाराष्ट्र सरकारने तिकडच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून तर तुळजापुरातही कुणा ना कुणाचं पोरगं जर्मनची ए1 पातळी करतंय असं ऐकते, तेव्हा तुझ्या मैत्रिणींनाही हे वाचून दाखव.

आधी हे समजून घे की कोड्यातून नवा शब्द येत नाही. माहीत नसलेला शब्द आडव्या-उभ्या अक्षरांवरून जुळला, तर तो चौकटीत बसतो, डोक्यात नाही. कोडं काम करतं ते आधी पाहिलेला शब्द ओढून बाहेर काढण्याचं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने अर्थ नसलेल्या अक्षरजोड्या पाठ करून आपण किती लवकर विसरतो ते स्वतःवरच मोजलं आणि 1885 साली छापलं. विसरायला लागल्यावर, पण पूर्ण विसरण्याआधी, शब्द पुन्हा काढावा लागला की तो जास्त दिवस टिकतो. म्हणून आज शिकलेल्या शब्दांचं कोडं आजच सोडवू नकोस. चार दिवस जाऊ दे.

आता खरी गोष्ट. तुम्ही मुलं जर्मन शब्द देवनागरीत लिहून ठेवता. उच्चाराला ते बरं, पण परीक्षेत दगा देतं. दाताला त्सान म्हणतात. ऐकून लिहिशील तर मधलं एच हे अक्षर तुला सापडायचंच नाही. कोड्यात मात्र चार घरं समोर असतात, एक रिकामं राहिलं की तू अडतेस. आपल्या मराठी कोड्यात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर एका घरात जातं, तुळजापूरला पाच घरं पुरतात. रोमन लिपीत त्यालाच आठ लागतात. ही सवय मोडायला पहिले काही दिवस त्रास होईल.

टिंबांचंही तसंच. ए, ओ, यू या अक्षरांच्या डोक्यावर जर्मनमध्ये दोन टिंबं येतात, ती कोड्यात सहसा गळतात आणि त्या अक्षरापुढे ई लिहितात. दाराला ट्यूर, लिहिताना तीन अक्षरं, कोड्यात चार घरं. पायाच्या फूस शब्दात शेवटी जे वेगळंच एस असतं, त्याचे कोड्यात दोन साधे एस होतात. हे फक्त कोड्यापुरतं. परीक्षेच्या कागदावर टिंबं दिलीच पाहिजेत.

आणि सगळ्यात मोठी खोट म्हणजे तयार कोड्यात नाम नुसतं येतं, लिंग दाखवणारं डेर-डी-डास त्याच्यासोबत नसतं. नुसतं नाम शिकणं म्हणजे अर्धं शिकणं. हिंदीवाल्यांना तिसरं लिंग नवं वाटतं, आपल्याला तो, ती, ते अंगवळणी आहे, पण त्यावर भरवसा ठेवू नकोस. चमचा तो आणि त्यांचा ल्योफेलही डेर, इथवर ठीक. काटा मात्र डी गाबेल आणि सुरी डास मेसर. चंद्र डेर मोंड, सूर्य डी झोने. तर्क चालवायला गेलीस की फसलीस.

म्हणून कोडं तूच घाल. गणिताची चौकटीची वही घे. मधोमध उभा शब्द लिही, क्रांकेनहाउस, म्हणजे इस्पितळ. अकरा अक्षरं आहेत. आता त्याचं दुसरं, चौथं, सहावं, आठवं आणि दहावं अक्षर धर. दुसऱ्या आरमधून आर्त्स्ट (डॉक्टर) आडवा जातो, चौथ्या एनमधून वुंडे (जखम), सहाव्या ईमधून फीबर (ताप), आठव्या एचमधून तोच त्सान आणि दहाव्या यूमधून ब्लूट (रक्त). एक ओळ सोडून एक शब्द आल्यामुळे आडवे शब्द एकमेकांना खेटत नाहीत. मग प्रत्येकाच्या आधी तीन घरं वाढव: डेर, डी आणि डास तिन्ही तीन-तीन अक्षरांचेच आहेत, हे आपलं नशीब. आडव्या शब्दाला डावीकडे तीन, उभ्याला वर तीन. आर्त्स्टच्या ओळीत आर दोनदा येतो, पहिला डेरमधला. गल्लत करू नकोस. या सहांत एक तापच आपल्या मराठी लिंगाला जुमानत नाही, तो डास आहे.

शोधसूत्र मराठीत देणं सोपं पडतं, सुरुवातीला दे. पण लवकर सोड, नाहीतर रुग्णासमोर उभी राहून मनात भाषांतर करत बसशील. त्याऐवजी अर्धं वाक्य लिही: इश हाबे, पुढे रिकामी जागा, 39 ग्राड. म्हणजे फीबर. ताप आलेला माणूस असंच बोलतो.

विषय ठरवून घे: एका पानावर स्वयंपाकघर, एकावर शरीर, एकावर वॉर्ड. गोएथे-इन्स्टिट्यूटची ए1 ची यादी सुमारे 650 शब्दांची आहे, बी1 ची सुमारे 2400; शब्द तिथूनच उचल. आपल्याकडे देवी मंचकी निद्रेला गेल्यापासून कोजागिरीच्या यात्रेपर्यंत घरात पाहुणे आणि गावात गर्दी, तेव्हा नवी कोडी पाडायच्या भानगडीत पडू नकोस. जुनीच खोडून पुन्हा सोडव.

जर्मनीतल्या मासिकांची कोडी आत्ता विकत घेऊ नकोस. त्यात शोधसूत्रं घरातच छापलेली असतात, बाण काढून, आणि शब्द कसले, तर गरुडाचं जुनं काव्यातलं नाव, घुबड, एम्स नदी. कोड्यात बसायला सोयीचे म्हणून ते पुन्हा पुन्हा येतात, बोलण्यात क्वचित. पुढे वृद्धांच्या शुश्रूषागृहात नोकरी लागली तर गोष्ट वेगळी, तिथल्या आजी-आजोबांत अशा कोड्यांची आवड पुष्कळ. तेव्हा त्यांच्याशेजारी बसून विचार. माणूस बोलता होईल आणि तुझेही कान तयार होतील.

कारण कानाची आणि तोंडाची कामं कोड्याच्याने होत नाहीत. परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण चारही असतात. म्हणून घर भरलं की तो शब्द मोठ्याने म्हणायचा, डेर-डी-डाससकट, आणि अनेकवचनासकट. वहिनी हसेल, हसू दे.

धाराशिवला एसटीने जाताना मैत्रिणीशी वही बदलून बघ, तू तिचं सोडव, ती तुझं. आणि स्वयंपाकघराचं कोडं मला पाठव. डेर-डी-डासची तीन घरं सोडलेली दिसली नाहीत तर परत पाठवीन.