सुगड आणि वाळा : बिनधुराचा सुगंध



संक्रांत झाली की घरोघरी सुगडं उरतात. कुणी त्यात मीठ ठेवते, कुणी ती माळ्यावर टाकते, बाकीची आम्ही पोरं फोडतो. त्यातले एक सुगड घेऊन उन्हाळाभर घरात सुगंध ठेवता येतो. त्याला विस्तव लागत नाही, वीज लागत नाही आणि धूर होत नाही.

धूर न होणे आमच्या घरी फार महत्त्वाचे आहे. माझ्या आजीला दमा आहे. उदबत्ती लावली की ती खोकत खोकत ओसरीवर जाऊन बसते. देवपूजा तर तिचीच! शिशीतल्या सेंटनेही तिचा घसा धरतो. ती म्हणते, "धूर नको वं पोरी, नुसता वास पायजे मले." म्हणून मी हा प्रयोग केला.

साहित्य : न रंगवलेले सुगड, वाळ्याची एक जुडी (बाजारात जडीबुटीवाल्याकडे किंवा पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळते), सुती दोरा, पातळ फडके, एक बशी.

आधी सुगड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावे. वाळा धुऊन माती काढावी आणि तोही तासभर भिजवावा. मग सुगडाला बाहेरून बोटभर जाड वाळा गुंडाळून दोऱ्याने घट्ट बांधावा. सुगडात पाणी भरून तोंडाला फडके बांधावे. खाली बशी ठेवून वारा येतो अशा खिडकीत ठेवावे. झाले!

आता हे कसे चालते ते सांगते. भाजलेल्या मातीला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. त्यातून पाणी हळूहळू बाहेर झिरपते, म्हणूनच माठ बाहेरून ओला लागतो. ते पाणी वाळ्याला ओला ठेवते. वाळ्याच्या मुळांत सुगंधी तेल असते. कोरड्या वाळ्याला वास थोडाच येतो, पण ओला झाला आणि वारा लागला की तोच वास घरभर जातो. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते, म्हणून खिडकीतून येणारा वाराही जरासा गार लागतो. उन्हाळ्यात कूलरला वाळ्याच्या ताट्या लावतात, तेही ह्याच कारणाने. सुगड म्हणजे लहानसा बिनविजेचा कूलरच समजा.

मी एक वाळा सुगडाला बांधला आणि एक स्टीलच्या लोटीला. दोन्ही सारखेच भिजवले. चैत्राचे ऊन होते. दुपारपर्यंत लोटीचा वाळा वाळून कडक झाला, कारण स्टीलमधून पाणी झिरपत नाही. सुगडाचा वाळा संध्याकाळीही ओला होता आणि आतले पाणी बोटभर कमी झाले होते. रंगवलेले सुगड घेऊ नका, रंगाने छिद्रे बुजतात.

कोऱ्या सुगडाला पहिल्या दिवशी पहिल्या पावसासारखा मातीचा वास येतो. तो मला वाळ्याहूनही आवडतो. उत्तर प्रदेशात कनौज येथे भाजलेल्या मातीपासून ह्याच वासाचे अत्तर काढतात. १९६४ साली ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी ह्या वासाला पेट्रिकोर असे नाव दिले. आपल्याकडे मृद्गंध म्हणतात, तेच सोपे आहे.

वाळा हे एक गवत आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. गवती चहाही गवतच. त्याचा वास पानात, वाळ्याचा मुळात. खानदेशात सातपुड्याच्या बाजूला रोशा नावाचे गवत होते. त्याच्या फुलोऱ्यापासून तेल काढीत आणि पूर्वी ते मुंबईहून परदेशी जाई. आपली ज्वारीही ह्याच गवतांच्या कुळातली, पण तिला असा वास नाही. भाकरी भाजताना येतो तो वेगळा!

वाळ्याची मुळे सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरपर्यंत. त्यामुळे माती धरून राहते. शेताच्या बांधावर वाळा लावला तर पावसात बांध फुटत नाही. पण वास मुळात असल्यामुळे वाळा काढायचा म्हणजे खणावेच लागते. म्हणून नदीकाठचा किंवा बांधावरचा उपटू नये. विकत आणलेली एक जुडी खूप दिवस पुरते.

पाणी एक दिवसाआड बदलावे आणि तोंडाचे फडके काढू नये, नाहीतर डास अंडी घालतील. बशीत साचलेले पाणीही फेकावे. आजीला ह्या वासाने खोकला आला नाही. तरी तुमच्या घरी कुणाला दमा असेल तर पहिल्या दिवशी सुगड ओसरीवर ठेवून पाहा.

पावसाळ्यात मात्र हा प्रयोग चालत नाही. हवाच ओली असते, पाणी उडत नाही आणि वाळ्याला बुरशी येते. तेव्हा मृग लागायच्या आधी वाळा सोडून कडक उन्हात वाळवावा आणि कपड्यांच्या पेटीत ठेवावा. पुढच्या उन्हाळ्यात भिजवला की पुन्हा वास येतो.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी