तासाचा आकडा आणि मैलाचा आकडा

४०० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीनं चालवलं की तासाला सव्वाशे लिटरच्या आसपास पेट्रोल पितं. यात कंपनी, मॉडेल किंवा मेकॅनिकचं कौशल्य यांनी फार फरक पडत नाही. एक अश्वशक्ती तासभर मिळवायला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास पेट्रोल जळतं, आणि हा हिशेब कुणालाच चुकत नाही. फ्लोरिडातल्या ज्या बोटीविषयी मी लिहितो आहे, तिच्यात अशी दोन इंजिनं होती. प्रत्येकी ८.२ लिटरची, ४१५ अश्वशक्तीची. दोन्ही थ्रॉटल पुढे ढकलले की तासाला अडीचशे लिटर.

हेच इंजिन मोटारीत घातलं तर सपाट हायवेवर त्यातली फार तर पंचवीस-तीस अश्वशक्ती वापरली जाते. गाडी गतीत आली की रस्ता तिला सांभाळून घेतो. पाणी सांभाळून घेत नाही. वेगानं पळणारी बोट म्हणजे घाट चढणारी गाडी, आणि तो घाट कधी संपतच नाही. थ्रॉटल सोडला की स्वतःच्या दोन-चार लांबींइतक्या अंतरात ती बसलीच. म्हणून गाडीच्या मायलेजची सवय झालेल्या माणसाला बोटीचे आकडे पहिल्यांदा खोटे वाटतात.

बोट माझ्या मित्राची, तीस फुटी, जुनी घेतलेली. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, मैलाला तीन लिटर. तो खोटं बोलला नव्हता. शांत पाणी, बोटीत दोन माणसं, ताशी ३५ मैलांचा वेग असताना मैलाला तीन लिटरच लागायचे. मी पेशानं मेकॅनिकल इंजिनिअर, त्यामुळे हे मी स्वतः मोजून पाहिलं होतं.

एकदा त्या बोटीनं आम्ही मुलांना घेऊन बहामाजमधल्या बिमिनी बेटावर गेलो, मायामीहून साधारण ५० मैलांवर. मधे गल्फ स्ट्रीम, दक्षिणेकडून उत्तरेला तीन नॉट्सच्या आसपास वाहणारा प्रवाह. टाकी ५०० लिटरची. तळाचं पेट्रोल पंपाला ओढता येत नाही, ते वजा केलं की हाताशी ४५० उरतात. जाताना आणि बेटाभोवती फिरताना मिळून २०० गेले. परतायला दीडशे पुरतील, शंभर शिल्लक राहतील, असा हिशेब होता. बिमिनीत पेट्रोल मिळतं, पण महाग, म्हणून मित्रानं भरलं नाही.

पहिले दहा मैल ठीक गेले. मग वायव्येचा वारा वाढला. गल्फ स्ट्रीमवर उत्तरेकडचा वारा म्हणजे प्रवाहाच्या उलटा वारा, आणि तिथे लाटा नुसत्या उंच होत नाहीत, उभ्या आणि जवळजवळही होतात. ३५ मैलांचा वेग ठेवणं शक्यच नव्हतं. मित्रानं थ्रॉटल मागे घेतला आणि वेग १४ वर आला. नाक वर, मागचा भाग खाली, मागे पाण्याचा मोठा डोंगर. मीटरकडे बघून तो म्हणाला, “अरे, बघ, शंभरावरून पंचाहत्तरवर आलं. वाचतंय की!”

तासाला वाचत होतं, हे खरं. पण आम्हाला तास कापायचे नव्हते, मैल कापायचे होते. पंचाहत्तर लिटर भागिले चौदा मैल, म्हणजे मैलाला जवळजवळ साडेपाच लिटर. पूर्ण थ्रॉटलवर, ताशी ६० मैलांनी पळतानासुद्धा ही बोट मैलाला सव्वाचार लिटरच घ्यायची. सगळ्यात उधळा वेग सगळ्यात जास्त वेग नव्हता, मधला होता.

याचं कारण बोटीच्या तळात आहे. हळू जाणारी बोट पाणी बाजूला सारत जाते. जोरात जाणारी पाण्याच्या पाठीवर चढते, त्याला प्लेनिंग म्हणतात, आणि एकदा चढली की तिचा बराचसा तळ पाण्याबाहेर असतो. या दोन्हींच्या मधे बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायचा प्रयत्न करत असते आणि चढू शकत नाही. सगळी ताकद ती लाट उठवण्यात जाते. खवळलेल्या समुद्रासाठी बनवलेल्या खोल व्ही आकाराच्या तळाला हा टप्पा ओलांडायला आणखी जोर लागतो. बोट-रचनाकार रे हंटनं आखलेल्या या तळानं १९६०च्या मायामी–नासाउ शर्यतीत खवळलेल्या पाण्यात बाजी मारली, तेव्हापासून वेगवान बोटींचा तो जणू नियमच झाला. लाटा तो छान कापतो, पण त्याची किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागते.

मैलाच्या लिटरचा तो भागाकार होईपर्यंत वीस मैल तसेच गेले होते. उरलेलं पेट्रोल ११० लिटर, उरलेलं अंतर वीस मैल. त्याच वेगानं गेलो असतो तर पेट्रोल जेमतेम किनाऱ्यापर्यंत पुरलं असतं, राखीव काहीच नाही, आणि मधेच संपलं असतं तर तिथे पाणी इतकं खोल की नांगरही टाकता येत नाही. मग बोट ताशी सात मैलांवर आणली. या वेगाला ती मैलाला अडीच लिटरच घेते. पण हळू चाललं की प्रवाह जास्त ओढतो. मायामीकडे तोंड करून त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता, म्हणून उत्तरेला सरकत पोर्ट एव्हरग्लेड्स गाठलं. अंधार पडला होता, मुलांना उलट्या झाल्या होत्या. पेट्रोल पुरलं.

तेव्हापासून मोठ्या इंजिनाची बोट घेऊ पाहणारा कुणीही भेटला की मी त्याला तक्ता करायला सांगतो. हजार आरपीएमपासून सुरुवात करून पाचशे-पाचशेनं वर जायचं. प्रत्येक टप्प्यावर जीपीएसचा वेग आणि मीटरवरचे तासाचे लिटर लिहायचे, भागाकार करायचा. प्रवाहाचा परिणाम जाण्यासाठी प्रत्येक वेग दोन्ही दिशांना मोजायचा. आणि हे रिकाम्या बोटीवर नाही, नेहमीची माणसं, बर्फाचे डबे, पाणी, सामान घेऊन. हा तक्ता स्टिअरिंगशेजारी चिकटवलेला हवा, फोनमध्ये नको. लाटांत फोन हातात राहत नाही.

पूर्ण भार असताना पूर्ण थ्रॉटलला इंजिन कंपनीनं दिलेल्या आरपीएमपर्यंत पोचत नसेल तर बहुधा पंखा जास्त पिचचा, म्हणजे एका फेरीत बोट जास्त पुढे ढकलू पाहणारा आहे, किंवा तळाला शेवाळ-शिंपले चढले आहेत. दोन्ही पेट्रोल खातात, आणि पिचचा दोष इंजिनही खातो. जुन्या कार्बोरेटरच्या इंजिनांत एका मर्यादेनंतर कार्बोरेटरची आणखी दोन तोंडं उघडतात आणि पेट्रोल एकदम जास्त जातं. तो आरपीएम कुठला हे तक्त्यात लगेच दिसतं, त्याच्या जरा खाली राहायचं.

एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव, हा नियम सगळे सांगतात. तो चांगला आहे, पण टाकीवर लिहिलेल्या आकड्याचे तीन भाग करू नका, वापरता येणाऱ्या पेट्रोलचे करा. आणि परतीचं अंतर तक्त्यातल्या सगळ्यात वाईट आकड्यानं गुणून बघा. गुणाकार हाताशी असलेल्या पेट्रोलच्या पुढे गेला, तर तिथलं पेट्रोल कितीही महाग असो, घ्या. घरचे सोबत असतील तर यावर चर्चाही करू नका.

हे फक्त फ्लोरिडाचं नाही. गेटवेहून मांडव्याला स्वतःची स्पीडबोट नेणारे आता पुष्कळ आहेत. अंतर तिथे थोडं असतं, पण पावसाळ्यानंतरच्या उरलेल्या लाटांत वेग कमी करावा लागला की त्यांचीही बोट याच मधल्या वेगात अडकते. अलिबाग सोडून आणखी दक्षिणेला, मुरुड-श्रीवर्धनकडे जायचं असेल तर हा गुणाकार किनारा सोडायच्या आधी करा.

जुनी बोट घेताना विकणाऱ्याला मायलेज विचारू नका. तीन आकडे विचारा. शांत पाण्यातल्या तिच्या सगळ्यात सोयीच्या वेगाचा, सात मैलांचा, आणि मधे नाक वर करून चालते तेव्हाचा. तिसरा त्याला सांगता आला नाही, तर चाचणीला जाताना वही घेऊन जा आणि तो तुम्हीच मोजा.