जुळी वाद्ये, निराळे आवाज

अमेरिकेतील शिकागो शहरात लॉरेन्स हॅमंड हा कल्पक यंत्रज्ञ विजेची घड्याळे बनवीत असे. घड्याळाची चाके अचूक फिरतात; मग तशाच चाकांतून सूर का निघू नयेत, असा विचार त्याने केला. त्यातूनच १९३५ साली ‘हॅमंड ऑर्गन’ हे वाद्य बाजारात आले.

या वाद्यात भाता नाही, की हवेच्या नळ्या नाहीत. त्याच्या ‘बी-३’ या प्रसिद्ध नमुन्यात कडांना उंचवटे असलेल्या ९१ धातूच्या चकत्या असतात. प्रत्येक चकतीसमोर तारेचे वेटोळे गुंडाळलेला एक लोहचुंबक असतो. चकती फिरली, की तिचे उंचवटे चुंबकासमोरून भराभर सरकतात आणि वेटोळ्यात विजेचा क्षीण प्रवाह निर्माण होतो. तो वाढवून ध्वनिवर्धकाकडे पाठविला, की सूर ऐकू येतो.

सर्व चकत्या एकाच मोटारीवर, दातेरी चाकांच्या साहाय्याने फिरतात. त्यामुळे एका वाद्याचा ‘सा’ दुसऱ्याच्या ‘सा’शी तंतोतंत जुळतो. तरीही दोन बी-३ शेजारी ठेवून वाजविली, तर एकाचा आवाज तेजस्वी वाटतो, तर दुसऱ्याचा मऊ. असे का व्हावे?

चुंबक चकतीच्या किंचित जवळ असला, तर सूर मोठा निघतो. दूर असला, तर लहान. ९१ ठिकाणचे हे अंतर प्रत्येक वाद्यात अगदी सारखे राहत नाही. दुसरे कारण काळाचे. प्रवाह गाळून सूर शुद्ध करणारी धारित्रे जुन्या वाद्यांत मेणकागदाची असत. वर्षानुवर्षांच्या वापरात त्यांचे गुण बदलले आणि वरचे सूर मंदावले. पुढे प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याची धारित्रे आली. ती अधिक टिकाऊ ठरली.

१९७०च्या दशकात चकत्यांची ही वाद्ये बनणे थांबले. त्यामुळे आज दुरुस्तीस येणारे प्रत्येक वाद्य जुनेच असते. नवी धारित्रे बसविली, की गेलेले तेज परत येते. परंतु ज्या मऊ आवाजावर वादकाचे प्रेम जडले, तो मात्र कायमचा हरपतो. कळ दाबताना होणारा ‘टक्’ असा आवाजही कारखान्याला दोष वाटे. अनेक जॅझ वादकांनी मात्र त्याला वाद्याचा अलंकार मानले.

म्हणूनच जाणता कारागीर आधी वाद्य लक्षपूर्वक ऐकतो, वादकाला विचारतो आणि मगच हत्यार हाती घेतो.